वाण तोच, गुण वेगळा

मुळाच्या पेशीत जो डीएनए असतो तोच पाकळीच्या पेशीत असतो. मग मुळाला पाकळ्या का फुटत नाहीत? बी.एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारायचंच. ज्या वर्षी कोणी विचारला नाही, त्या वर्षी मी स्वतः विचारायचे. उत्तर थोडक्यात देता येतं. जनुकं सगळीकडे सगळी असतात, पण सगळीकडे सगळी वाचली जात नाहीत. कोणतं जनुक कुठल्या पेशीत, कधी आणि किती वाचायचं, हे ठरवणारी प्रथिनं असतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. मी इथे त्यांना नियंत्रक प्रथिनं म्हणते. हे उत्तर परीक्षेला पुरतं. प्रयोगशाळेत आणि पुढे शेताच्या बांधावर पुरत नाही. तिथे जे कळत गेलं ते खाली मांडते आहे. आकडे घातले आहेत ते वाचायच्या सोयीसाठी.

१. आधी फूल उघडा, मग जनुकाकडे वळा

प्रोजेक्टला येणाऱ्या मुलांना जनुकांची नावं तोंडपाठ असायची, पण मोहरीच्या फुलात पुंकेसर किती, हे सांगता यायचं नाही. म्हणून पहिल्या दिवशी हातात पिपेट न देता मोहरीचं फूल द्यायचं आणि टाचणीने बाहेरून आत सोलत जायला सांगायचं. सगळ्यात बाहेर चार निदलं. मग चार पिवळ्या पाकळ्या. मग सहा पुंकेसर, त्यांतले चार उंच आणि दोन बुटके. मधोमध दोन स्त्रीकेसर जुळून झालेली, पुढे शेंग होणारी हिरवी काडी. चार वेढे, चार प्रकारचे अवयव. जगभरात ज्या झाडावर काम चालतं ते अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्याच कुळातलं तण आहे. फूल जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं, पण मांडणी हीच.

ही मांडणी कशी ठरते, याचं उत्तर १९९१ साली एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी दिलं. एक इंग्लंडात स्नॅपड्रॅगनवर काम करत होता, दुसरा कॅलिफोर्नियात अरॅबिडॉप्सिसवर, आणि दोन्हीकडून निघालेलं उत्तर एकच होतं. नियंत्रक जनुकांचे तीन गट धरा: अ, ब, क. नुसता अ असेल तिथे निदल. अ आणि ब असतील तिथे पाकळी. ब आणि क असतील तिथे पुंकेसर. नुसता क असेल तिथे स्त्रीकेसर. अ आणि क एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. एक हटला की दुसरा पसरतो. संपलं. इतकं साधं उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं.

ब गटातलं जनुक बिघडलेलं फूल सूक्ष्मदर्शकाखाली पाहाल तर क्षणभर फूलच वाटणार नाही. पाकळ्यांच्या जागी निदलांचा दुसरा वेढा, पुंकेसरांच्या जागी अर्धवट शेंगेचे तुकडे. सगळं हिरवं. पण नीट पाहा: एकही अवयव वेडावाकडा नाही. निदल आहे ते अस्सल निदल आहे, फक्त चुकीच्या जागी आहे. नियंत्रक प्रथिन बिघडलं की अवयव मोडत नाही, त्याची ओळख बदलते.

हे पाहायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. अंगणातल्या डबल जास्वंदीचं फूल घ्या आणि आतल्या लहान पाकळ्या एकेक करून उपटा. एखादीच्या कडेला पिवळ्या परागकोशाचा ठिपका चिकटलेला सापडेल. ती पाकळी मुळात पुंकेसर व्हायची होती. रानगुलाबाच्या पाच पाकळ्या आणि हारातल्या गुलाबाच्या गच्च पाकळ्या यांतला फरकही याच घराण्यातला आहे: क गटाचं राज्य आत सरकलं, आणि मोकळ्या झालेल्या जागी पाकळ्या आल्या.

अ, ब, क तिन्ही काढून टाकले तर? फुलाच्या जागी पानं येतात. फुलाचे सगळे भाग म्हणजे पानाचीच रूपं, असं जर्मन कवी ग्योटे याने १७९० साली लिहून ठेवलं होतं. वनस्पतिशास्त्रात इतका दूरचा नेम कवीने मारल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

२. पत्त्यावर पोचणं म्हणजे काम होणं नव्हे

अ, ब, क मधली बहुतेक प्रथिनं मॅड्स नावाच्या कुटुंबातली. हे कुटुंब फार जुनं आहे, यीस्टमध्ये आणि माणसातही त्याचे नातलग आहेत. ही प्रथिनं डीएनएवर एक ठरावीक खूण शोधतात: दोन सी, मग ए किंवा टी मिळून सहा अक्षरं, मग दोन जी. एकूण दहा अक्षरं. अरॅबिडॉप्सिसच्या जीनोममध्ये सुमारे साडेबारा कोटी अक्षरं आहेत. त्यात अशी खूण हजारो ठिकाणी सापडते, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी काहीच घडत नाही.

का नाही? खूण असलेला डीएनए घट्ट गुंडाळलेला असेल तर प्रथिन तिथे पोचत नाही. पोचलं तरी शेजारी योग्य जोडीदार नसेल तर जनुक वाचणारं यंत्र तिथे येत नाही. कधी तेच प्रथिन एका जनुकाला चालू करतं आणि दुसऱ्याला गप्प बसवतं, कारण सोबत कोण आहे ते बदललेलं असतं. प्रथिन डीएनएला चिकटलं म्हणजे जनुक त्याच्या ताब्यात आलं, असं समजून लिहिलेले शोधनिबंध मी परीक्षक म्हणून परत पाठवले आहेत. चिकटलं हे एक वेगळं सिद्ध करा, फरक पडला हे वेगळं.

३. संगत पाहिल्याशिवाय प्रथिनाचा गुण सांगू नका

अ-ब-क एवढं सोपं असेल तर पानात ब आणि क घुसवले की पानाचं पुंकेसर व्हायला हवं. होत नाही. पान थोडं आखडतं, पण पानच राहतं. दहाएक वर्षं हे कोडं तसंच होतं.

उत्तर निघालं २००० आणि २००१ साली. सेपाल्लाटा नावाची आणखी एक जनुकांची टोळी सापडली. तिची प्रथिनं अ, ब, क या प्रत्येकाबरोबर लागतात. चार प्रथिनांचा एक गट डीएनएवरच्या दोन खुणा एकत्र धरतो, मधला डीएनए वाकवतो, आणि मग कुठे अवयव ठरतो. सेपाल्लाटा बरोबर घेऊन अ आणि ब पानात चालू केल्यावर पानांच्या जागी खरोखर पाकळ्यांसारखे अवयव आले. कोणत्याही पेशीत नवं जनुक बनवलेलं नव्हतं. होती तीच जनुकं, फक्त त्यांची पंगत बदलली.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो ते चिडून म्हणतो. फुलाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे आणि त्यात चिडण्यासारखं काही नाही. वाण म्हणजे डीएनए सगळ्या पेशींत एकच. गुण लागतो तो संगतीचा.

४. 'काहीच फरक पडला नाही' हेही उत्तर असतं

सेपाल्लाटा सापडायला इतका वेळ का लागला? या टोळीतलं एखादंच जनुक बिघडवलं तर झाड जवळपास नेहमीसारखं दिसतं. तीन एकदम बिघडवली की सगळं फूल निदलांचं होतं, आणि चौथंही काढलं की पानांचं. एकाचं काम दुसरं उचलून धरतं.

माझ्याकडची एक विद्यार्थिनी आपल्या झाडात फरक दिसेना म्हणून रडवेली झाली होती. तिला एवढंच सांगितलं की याच कुटुंबातलं सख्खं भावंड शोध, दोघांना एकदम काढ, आणि मग ये. ती दोन हंगामांनी हसत आली. अरॅबिडॉप्सिसमध्ये नियंत्रक प्रथिनांची दीड हजारांहून जास्त जनुकं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी मोठ्या कुटुंबांत वाटलेली आहेत. एकट्या जनुकाची चौकशी करून त्याला निकामी ठरवू नये.

५. जनुक बिघडलंय की फक्त गप्प आहे, ते आधी विचारा

वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे गसची निळाई. एखादं जनुक झाडाच्या कुठल्या भागात चालू होतं, हे पाहायचं असतं. त्या जनुकाच्या आधीचा नियंत्रणाचा तुकडा घ्यायचा आणि त्याला ई. कोलाय जिवाणूचं गस नावाचं जनुक जोडायचं. ते जिथे चालू होईल तिथे एक रंगहीन द्रव्य निळं पडतं. रोपं त्या द्रावणात बुडवून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी बघावं तर काही कळत नाही, सगळं मळकट हिरवं. मग अल्कोहोल बदलत बदलत हरितद्रव्य धुऊन काढायचं. दुपारपर्यंत रोप काचेसारखं पारदर्शक होतं आणि त्यात निळा उरतो तो नेमका तेवढ्याच जागी: कळीतल्या पुंकेसरांच्या टोकांना, किंवा पानाच्या शिरांच्या कडेने, किंवा मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढा. नियंत्रण म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकाच्या चार पानांपेक्षा त्या एका ठिपक्यावरून लवकर समजतं.

आणि नियंत्रणाच्या अशा तुकड्यांतच पिकांचा इतिहास दडला आहे. मका माणसाने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत टिओसिंटे नावाच्या गवतापासून घडवला. टिओसिंटे झुडपासारखं फांद्या फोडतं, मका एकच ताठ धांडा उभा करतो. या फरकात मोठा वाटा एका नियंत्रक जनुकाचा आहे: टिओसिंटे ब्रँच्ड वन. जॉन डोब्ली यांनी या जनुकावर अनेक वर्षं घालवली. बदल प्रथिनात नव्हताच. जनुकापासून सुमारे साठ हजार अक्षरं दूर एक उडतं जनुक येऊन बसलं होतं, आणि त्यामुळे तेच प्रथिन जास्त बनू लागलं. जास्त बनलं की बाजूच्या फांद्या दबतात. शेतकऱ्यांनी दाणे निवडले, आणि त्यांच्या नकळत साठ हजार अक्षरांपलीकडचा एक तुकडा निवडला गेला.

याच कुटुंबातल्या सायक्लॉइडिया या जनुकाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. स्वीडनमध्ये लिनियसने १७४४ साली टोडफ्लॅक्स या रोपाचं एक विचित्र रूप वर्णिलं. या फुलाला नेहमी एकच शेपटी असते आणि ते डावं-उजवं सारखं असतं. इथे पाच शेपट्या आणि चारी बाजूंनी सारखं फूल. लिनियस चक्रावला, कारण जाती बदलत नाहीत असं तो मानत होता. अडीचशे वर्षांनी, १९९९ साली, कोएन यांच्या गटाने तशा रोपांमधलं सायक्लॉइडिया तपासलं. बिघाड अक्षरांत नव्हता. डीएनएवर मिथाइलचे लहान रासायनिक गट चढले होते आणि जनुक गप्प झालं होतं. असं रोप कधीकधी एखाद्या फांदीवर पुन्हा नेहमीचं फूल देतं. नुसती अक्षरं वाचून झाड कळत नाही, हे मला याहून चांगलं कोणी शिकवलेलं नाही.

६. घड्याळाकडे लक्ष ठेवा

पुण्याभोवती शेवंतीच्या पॉलीहाऊसमध्ये रात्री दिवे लागलेले पाहिले असतील. शेवंतीला लांब रात्र हवी असते. रात्र मध्येच उजेडाने तोडली की ती कळी धरत नाही, नुसती वाढत राहते. दांडा पुरेसा लांब झाला की दिवे बंद करायचे. बागायतदाराला यातला हिशेब पक्का माहीत असतो.

आत काय घडतं ते अरॅबिडॉप्सिसमध्ये चांगलं उलगडलं आहे. त्याचं वळण शेवंतीच्या उलट आहे, त्याला लांब दिवस लागतो. पानात कॉन्स्टन्स नावाचं नियंत्रक प्रथिन बनतं, पण अंधारात ते मोडून टाकलं जातं. संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असेल तरच ते टिकतं आणि एफटी हे जनुक चालू करतं. एफटीचं प्रथिन पानातून शेंड्याकडे जातं, तिथे एफडी या नियंत्रक प्रथिनाला भेटतं, आणि शेंडा फुलाकडे वळतो. पानातून शेंड्याकडे फुलण्याचा निरोप जातो हे सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात मांडलं होतं. निरोप्या हाती लागला २००७ साली. भातात कॉन्स्टन्सचाच भाऊबंद लांब दिवसात उलट फुलणं रोखून धरतो. त्यामुळे एका झाडातली नियंत्रक प्रथिनांची साखळी जशीच्या तशी दुसऱ्यावर चिकटवू नका.

फुलाच्या आतही घड्याळ आहे. क गटातलं अगॅमस हे जनुक पुंकेसर आणि स्त्रीकेसर घडवतंच, शिवाय फुलाची वाढ थांबवतं. ते नसेल तर फुलात फूल, त्यात फूल असं चालू राहतं. पण ते लगेच थांबवूनही चालणार नाही, नाहीतर स्त्रीकेसराला पेशीच उरणार नाहीत. म्हणून अगॅमस नकल्स नावाच्या जनुकाला जागं करतं ते सुमारे दोन दिवसांनी. नकल्सला गप्प ठेवणाऱ्या रासायनिक खुणा मधल्या काळात पेशी विभागत जातात तशा विरळ होत जातात. दोन दिवस मोजायला झाडाने वापरलेलं घड्याळ म्हणजे पेशींची विभागणी.

७. भाजीतलं फ्लॉवर

फ्लॉवरचा गड्डा चिरताना एक तुरा हातात धरून बघा. प्रत्येक तुऱ्यावर तसेच लहान तुरे, त्यांवर आणखी लहान, आणि सगळे वळणावळणाने मांडलेले. हे फूल नाही. फूल व्हायला निघालेले आणि मध्येच माघारी वळून पुन्हा फांदी होऊ पाहणारे असंख्य शेंडे आहेत. अरॅबिडॉप्सिसमध्ये अपेटाला वन आणि कॉलिफ्लॉवर ही दोन नियंत्रक जनुकं एकदम बिघडवली की त्या इवल्याशा तणाच्या टोकाला असेच छोटे गड्डे धरतात. ज्याला बिघाड म्हणतो, तो आपण किलोने विकत आणतो.

८. पिकाच्या फायद्याचं नियंत्रण नेहमी 'जास्त' नसतं

पुरात बुडालेल्या भाताचं एक उदाहरण देते. बहुतेक भात पाण्याखाली गेला की वर येण्यासाठी झपाट्याने वाढतो, साठवलेलं अन्न संपवतो आणि पाणी ओसरल्यावर मरतो. ओडिशातल्या एफआर १३ए या जुन्या देशी वाणात सब वन ए नावाचं नियंत्रक जनुक आहे. ते झाडाला गप्प बसवतं: वाढू नकोस, अन्न राखून ठेव. २००६ साली हे जनुक ओळखलं गेलं आणि २००९ मध्ये स्वर्णा-सब वन हा वाण भारतात आला. दोनेक आठवडे बुडून राहिला तरी तो पुन्हा उभा राहतो. खोल पाण्यातल्या भातात मात्र याच कुटुंबातली स्नॉर्कल नावाची जनुकं झाडाला पाण्याबरोबर मीटर-मीटर वाढवतात. कुटुंब एक, सल्ला उलटा. पूर येऊन ओसरणारा असेल तर पहिला सल्ला बरोबर, पाणी महिनोन् महिने राहणार असेल तर दुसरा. 'हे जनुक चांगलं' असं कोणी सांगितलं तर कुठल्या शेतासाठी, ते विचारा.

९. तिळाचा पर्णगुच्छ

शेवटी तिळाबद्दल, कारण यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. तिळाच्या शेतात काही झाडांना फुलं येत नाहीत. फुलांच्या जागी बारीक हिरव्या पानांचे झुपके येतात, बोंड धरत नाही. शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतो. कुणी बियाणं खोटं निघालं म्हणतं, कुणी खताचं कमी-जास्त झालं म्हणतं.

कारण आहे फायटोप्लाझ्मा: पेशीभित्तिका नसलेला अतिसूक्ष्म जिवाणू, तुडतुड्यांमार्फत झाडाच्या रसवाहिन्यांत शिरणारा. अशा फायटोप्लाझ्मांवर काम करणाऱ्या इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवलं, की जिवाणू सॅप ५४ नावाचं एक लहान प्रथिन झाडात सोडतो. ते झाडाच्या मॅड्स प्रथिनांना पकडतं आणि झाडाच्याच मोडतोड यंत्रणेकडे पोचवतं. फुलाची ओळख ठरवणारी प्रथिनं नाहीशी झाली की काय उरतं ते वर पहिल्या मुद्द्यात लिहिलंच आहे: पान. त्याच गटाला असंही दिसलं की सॅप ५४ असलेली झाडं तुडतुड्यांना अंडी घालायला जास्त आवडतात. म्हणजे तेच प्रथिन झाडाचं फूल बंद करतं आणि जिवाणूच्या वाहनाचीही सोय करतं. माणसाने ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर शोधण्याच्या कितीतरी आधी ते मोडायला शिकलेला हा जीव आहे.

म्हणून तिळाच्या शेतात फुलाऐवजी पानांचा झुपका दिसला तर संजीवक किंवा खत फवारून फूल परत आणण्याच्या नादी लागू नका. त्या झाडात फूल घडवणारी प्रथिनंच शिल्लक नाहीत. असं झाड दिसताक्षणी मुळासकट उपटून शेताबाहेर नष्ट करा आणि तुडतुड्यांवर पीक लहान असल्यापासून नजर ठेवा.